कोनातला मोर

आमचा पत्ता सांगणं ही एक कसरत आहे.

"कुठं राहता?"

"कोनला."

"कोणाला?"

"कोणाला नाही हो, कोनला. गावाचं नाव. कोन."

"कोण?"

"मी!"

इथवर आलं की रिक्षावाला, कुरियरवाला आणि बँकेतल्या बाई आपापल्या स्वभावाप्रमाणे वैतागतात. एखाद्याची शाळेतली भूमिती शाबूत असली, तर तो "काटकोन का लघुकोन?" असं विचारून स्वतःच हसतो. पनवेल सोडून पळस्प्याच्या बाजूला आलं, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा आवाज सुरू झाला, की कोन आलं असं समजावं. पुण्याला जाणारे लाखो लोक आमच्या शेजारून जातात. थांबत कुणी नाही.

पण या नावाशी आमच्या घराचं नातं पत्त्याच्याही आधीचं आहे. माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. वाइंडिंग म्हणजे छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं. बॉबिन संपली की नवी लावायची, सूत तुटलं की गाठ मारायची आणि कोन भरला की उतरवायचा. वडील, म्हणजे आमचे अप्पा, ब्लोरूममध्ये. तिथं कापसाच्या गासड्या फोडायच्या आणि कापूस झोडपून त्यातली घाण काढायची. म्हणजे आमच्या घरी कापसाची सुरुवात अप्पांकडे होती आणि सुताचा शेवट आईकडे. मधलं सगळं परक्यांच्या हाती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आमच्या घरातले दोन. पुढं काय झालं ते गिरणगावातल्या कुठल्याही घरात विचारा. चहा होईपर्यंत सांगतील, आणि चहा गार होईपर्यंत सांगत राहतील.

मग डिसेंबर 2016 मध्ये गिरणी कामगारांसाठी कोनमधल्या 2,417 घरांची सोडत निघाली. घर 320 चौरस फुटांचं, किंमत सहा लाख. मुळात भाड्यानं देण्यासाठी बांधलेल्या 160 फुटांच्या दोन खोल्या जोडून एक केलेलं. यादीत आईचं नाव लागलं. चावी हातात पडेपर्यंत मध्ये करोना येऊन गेला, त्या काळात याच इमारतींत विलगीकरण केंद्र होतं, आणि अप्पांची काठी एकाची दोन झाली. पण आई मात्र पहिल्या दिवसापासून हसत होती. "जन्मभर कोन भरले," ती म्हणाली, "आता कोनात जाऊन बसते."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मोर.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं. मुलीकडचे म्हणून रुखवत आमच्या बाजूला आलं. रुखवत ही संस्था ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलगी किती हुशार आहे हे दाखवायला तिच्या मावश्या, माम्या आणि आत्यांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन, म्हणजे रुखवत. त्यात सुपारीचे भटजी असतात, खोबऱ्याचा संसार असतो, सप्तपदीचे सात पाट असतात आणि डाळींची रांगोळी असते. नवरीनं यातलं काहीही केलेलं नसतं. ती त्या वेळी पार्लरमध्ये असते.

आमच्या बायकोनं जाहीर केलं, "मामीकडून मोर. फुगीर मोर."

फुगीर म्हणजे कसा, हे तिनं मला मोबाइलवर दाखवलं. कापडावरचा मोर खरोखरच कापडातून वर आला होता. छाती पुढं काढलेली, पिसाऱ्यातला एकेक डोळा उकडलेल्या चवळीसारखा टपोरा. या कलेला ट्रापुंटो म्हणतात, नाव इटालियन आहे, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे "पास्ता वगैरेच्या बाजूला" नाही, हेही तिनं सांगितलं.

कृती ऐकायला सोपी आहे. वर बारीक विणीचं चांगलं कापड घ्यायचं, खाली मलमलीसारखं विरळ विणीचं अस्तर. दोन्ही एकत्र धरून नक्षीच्या रेघेवरून धावदोरा किंवा उलटी टीप घालायची. मग कापड पालथं करायचं. अस्तराचे धागे सुईच्या टोकानं हळूच बाजूला सारायचे, त्या भोकातून कापसाचा लहानसा बोळा आत ढकलायचा आणि धागे पुन्हा जागेवर आणायचे. भोक मोठं पडलंच तर टाका मारायचा. देठ, वेली असल्या बारीक जागी कापूस जात नाही. तिथं बोथट सुईनं जाड लोकर ओवायची. सगळं काम मागून चालतं, पुढून फक्त कौतुक.

ही कला फार जुनी आहे. सिसिलीत 1360 ते 1400 च्या दरम्यान कधीतरी केलेली एक रजई लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आहे. तिच्यावर ट्रिस्टन नावाच्या वीराची गोष्ट कापूस भरून उठवलेली आहे. घोडे, जहाजं, राजे, भाले, सगळं फुगीर. गोष्ट काय, तर एका राजाकडून दुसऱ्याकडे खंडणीची मागणी जाते, वसुलीला एक दांडगट येतो आणि ट्रिस्टन त्याला आडवा करतो. सहाशे वर्षांपूर्वी इटलीतली माणसं असलं खंडणीप्रकरण अंगावर पांघरून शांत झोपत होती, याचं मला फार कौतुक वाटलं. आम्ही तेवढंच वर्तमानपत्रात वाचतो आणि रात्रभर जागतो.

बायकोला मात्र इटलीचं कौतुक नव्हतं. "यात नवीन काय आहे?" ती म्हणाली. "भरतकामच ना हे?"

मी विचार केला आणि गप्प बसलो, कारण ती बरोबर होती. आपल्या भाषेत सुईदोऱ्याच्या नक्षीला नावच मुळी भरतकाम. भरायचं ते भरत. शाळेतल्या शिवणाच्या तासाला मुली भरीव टाका शिकायच्या, त्यात आधी खाली दोऱ्याचे थर घालून वरून रेशीम ओढायचं, की पाकळी टम्म. जरदोशीवाला अड्ड्यावर कापड ताणून बसतो, तोही आधी खाली दोऱ्याची गादी करतो आणि मगच तिच्यावर सलमा आणि दबका चढवतो. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर हल्ली जो मोर असतो, आणि ज्याच्यामुळे तिला खुर्चीला टेकता येत नाही, तोही याच खानदानातला. आणि कापडच कशाला? पुरणपोळी, मोदक, करंजी, भरलं वांगं, भरली मिरची. मराठी माणसाला एखादी पोकळी दिसली की त्याचा हात आपोआप सारणाकडे जातो.

तरीही भरणं आणि कोंबणं यांत फरक आहे. तो आम्हाला पुढच्या आठ दिवसांत कळला.

पहिला वाद कापसावरून झाला. बायकोनं पनवेलच्या बाजारातून फायबर आणलं, पांढरंशुभ्र आणि ढगासारखं. ते धुता येतं, दमट हवेत गठ्ठे धरत नाही आणि स्वस्त पडतं, अशी सगळी वकिली तिनं पिशवी उघडायच्या आधीच केली. अप्पांनी त्यातला एक पुंजका घेतला. ब्लोरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस कापूस हातात घेतो तेव्हा नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यासारखा दिसतो. त्यांनी दोन्ही अंगठ्यांत धरून तो ओढला, धाग्याची लांबी बघायला. पुंजका ओढला गेला. आणखी ओढला गेला. हात दोन्ही बाजूंना पोचले तरी ताटातूट होईना.

"हा कापूस नाही," अप्पा म्हणाले. "ही अफवा आहे."

आणि ते आत जाऊन कपाटाच्या वरची उशी घेऊन आले. ही उशी म्हणजे आमच्या घरातली सर्वांत जुनी स्थावर मालमत्ता. लालबागच्या चाळीपासून आमच्याबरोबर फिरणारी, विटेसारखी जड आणि विटेइतकीच मऊ. तिच्यात खरा कापूस होता. पूर्वी चाळीत पिंजारी यायचा, खांद्यावर पिंजण घेऊन. त्याच्या तारेचा टंकार जिन्यातून वर आला की सगळ्या गाद्या-उशा खाली उतरायच्या. तो गेल्यापासून, म्हणजे निदान तीस वर्षं, त्या उशीला कुणी मोकळं केलं नव्हतं.

"पिंजू आपण," अप्पा म्हणाले.

320 चौरस फुटांत, मे महिन्यात.

उशी उसवली आणि पहिल्याच झटक्याला कापूस हवेत गेला. पंखा चालू होता. क्षणात आमच्या घरात जम्मू-काश्मीर अवतरलं. डाळीवर कापूस, देव्हाऱ्यात कापूस, मुलाच्या भुवयांवर कापूस. आम्ही खोकत दाराकडे धावलो आणि मागून आवाज आला, "पंखा बंद! खिडक्या लावा! चादर ओली करून दाराला टांगा!" दोन काठ्यांवर चालणारा आमचा म्हातारा एका काठीवर उभा होता आणि दुसरीनं हुकूम सोडत होता. गेल्या कित्येक वर्षांत टीव्हीचा रिमोट सोडून कशावरही सत्ता न चालवलेल्या अप्पांनी तासाभरात घराचं ब्लोरूम केलं. समोरच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांनाही त्यांनी कापूस वेचायला बसवलं. त्याही बसल्या. त्यांचे यजमानसुद्धा गिरणीतलेच. आमच्या इमारतीत तुम्ही नुसतं "कापूस" म्हटलंत तरी चार दारं उघडतात.

संध्याकाळपर्यंत परातभर स्वच्छ, हलका, मऊ कापूस तयार झाला. घामानं निथळलेल्या आम्हा सगळ्यांच्या अंगावरही तेवढाच होता. आमचंच ट्रापुंटो झालं होतं.

मग भरणी सुरू झाली. बायकोनं मोराची टीप सुरेख घातली होती. निळ्या रेशमी कापडावर मान, छाती, पाय आणि अकरा पिसं. छातीत तिनं बेतानं कापूस भरला, मोर किंचित वर आला आणि ती चहा ठेवायला उठली.

इथंच चूक झाली. फुगीर वस्तूचा एक दोष असा, की ती बघून कुणाचंही समाधान होत नाही. माणूस आधी बोटानं दाबून बघतो आणि मग त्याला वाटतं, आणखी थोडं पाहिजे. मी जाता जाता छातीत एक चिमूट सारली. मुलानं कॉलेजमधून येऊन मानेत दोन चिमटी सारल्या, "मसल्स दिसले पाहिजेत" म्हणून. समोरच्या काकूंनी आपल्या वाट्याचा वेचलेला कापूस वाया जाऊ नये म्हणून पोटात घातला. अप्पांनी, हा खरा कापूस आहे हे लोकांना कळावं म्हणून, जिथं जागा मिळेल तिथं घातला. चहा पिऊन बायको परत आली तेव्हा मोराच्या जागी एक खुडूक कोंबडी बसली होती. मान पैलवानाची, पाय दिसेनासे झालेले, आणि छाती अशी की अंडी कुठं आहेत असं कुणीही विचारावं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी डोकावल्या आणि म्हणाल्या, "बदक छान झालंय हं."

त्या रात्री कुणीही बायकोशी बोललं नाही. खरं तर तीच कुणाशी बोलली नाही, पण आम्ही ती बाजू घेतली.

बिघाड काय होता, हे मला दुसऱ्या दिवशी माझ्याच शर्टाकडे बघून कळलं. कापड काही वाढत नाही. आतला ऐवज वाढला की तो कापड सगळीकडून आपल्याकडे ओढतो. शर्टाची बटणं ओढली जातात आणि दोन बटणांमध्ये फटी पडतात. तसंच मोराचं झालं होतं. छाती जितकी वर आली, तितकं आजूबाजूचं रेशीम चुण्या घालून आत ओढलं गेलं. पिसारा पूर्ण सपाट आणि भेदरलेला. एकाला फुगवायचं तर शेजाऱ्याला आकसावं लागतं. हे तत्त्व राजकारणातल्या लोकांना आधीच ठाऊक असावं, आम्हाला त्यासाठी मोर लागला.

शेवटी आई उठली. आठ दिवस ती कोपऱ्यात बसून जपमाळ ओढत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. तिनं चष्मा लावला, मोर घेतला आणि तो पालथा केला. पुढून तिनं एकदाही बघितला नाही.

"किती जण घुसवलेत यात?" तिनं विचारलं. कापूस किती, असं नाही. किती जण.

मग ती मागून कापूस काढायला लागली, विणकामाच्या बारीक सुईनं, एकेक तंतू. काढता काढता बोलत होती, आमच्याकडे न बघता. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं होतो, हे मला पाठ होतं. पण ती नऊ माणसं कशी मावत होती ते तिनं त्या रात्री सांगितलं. काकांची जागा गॅलरीत, रात्रपाळीवाल्या मामाची गादी सकाळी सातनंतर, आजीचा ट्रंकेजवळचा कोपरा, मुलांची माळ्यावर. "ज्यानं त्यानं आपली टीप सोडली नाही म्हणून घर दिसायला घर राहिलं. एकजण जरी पसरला असता, तर बाकीच्यांच्या चुण्या झाल्या असत्या."

आम्ही पाचजण 320 फुटांत जागा पुरत नाही म्हणून रोज भांडतो. त्या रात्री मी पाय जरा जवळ घेऊन झोपलो.

पहाटेपर्यंत मोराचा मोर झाला. छाती निम्म्यावर आली, पाय पुन्हा दिसू लागले आणि काढलेल्या कापसातला थोडा पिसाऱ्याच्या डोळ्यांत गेला. देठांत बायकोनं लोकर ओवली. अस्तरात अनेक हातांनी पाडलेली भोकं होती. ती आईनं शिवून टाकली आणि दर ठिकाणी दोन बोटांत धागा फिरवून एक गाठ मारली. तिच्या हाताची गाठ मी लहानपणापासून बघतोय, पण अजून शिकू शकलेलो नाही. मारताना दिसते, मारल्यावर शोधावी लागते. वाइंडिंगमध्ये तुटलेलं सूत अशाच गाठीनं जोडायचं असतं. गाठ जाड राहिली तर पुढं मागावर अडकते आणि बोलणी वाइंडिंगवालीला बसतात.

उरलेला कापूस पुन्हा उशीत गेला. ती आता इतकी मऊ झाली आहे, की अप्पांना तिच्यावर झोप येत नाही.

लग्न पनवेलच्या एका हॉलमध्ये होतं. रुखवताच्या टेबलावर मधोमध मोर, आणि त्याच्यापुढं मुलानं ठेवलेली पाटी, "कृपया हात लावू नये". पाटी वाचून प्रत्येकानं हात लावला. फुगीर वस्तूपुढं माणसाचं बोट ऐकत नाही. नवऱ्यामुलाच्या बहिणींनी छाती दाबली, मित्रांनी मान दाबली, आणि फोटोग्राफरनं "जरा उजेड बघतो" असं म्हणत पिसाऱ्यातले सगळे डोळे एकामागून एक दाबून पाहिले. कौतुक झालं. "केवढ्याला घेतला?" असं तिघींनी विचारलं. आमच्याकडे यापेक्षा मोठी स्तुती नसते. बायको इतकी खुश झाली, की तिनं मागच्या आठवड्यातलं सगळं माफ केलं. म्हणजे तसं ती म्हणाली.

जेवणं झाल्यावर नवऱ्यामुलाची आजी रुखवताजवळ आली. मूळची परळची, आता मुलाकडे बदलापूरला. तिनं मोर उचलला. दाबला नाही. सरळ पालथा केला, डोळ्यांजवळ नेला आणि अस्तरावरून अंगठा फिरवत राहिली. एका ठिकाणी अंगठा थांबला.

"वाइंडिंगला कोण होतं?" तिनं विचारलं.

आई खुर्चीतून उठली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पुढच्या अर्ध्या तासात कुणालाही जागा उरली नाही. कुठलं खातं, कुठली पाळी, डबा कुठं उघडायचात, संपात काय विकलंत. आजूबाजूला वरात निघायची घाई, बँडवाले, नवरीचं रडणं, आणि त्या दोघी रुखवताच्या टेबलाला टेकून उभ्या. मोर दोघींच्या मधे, अजूनही पालथाच.

"आता कुठं असता?" आजीनं विचारलं.

"कोनला."

"कोन? म्हणजे आपले..." आणि तिनं हवेत सूत गुंडाळल्यासारखा हात फिरवला.

"तेच," आई म्हणाली.

आमचा पत्ता कुणालातरी पहिल्यांदाच एका दमात कळला होता.

मी मोर सरळ करायला पुढं झालो, तर आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"असू दे," ती म्हणाली. "अजून बघतोय आम्ही."